वाढत्या डोक्याचं माप

मराठी घरात मूल एका मापाचं असतं आणि त्याच्यासाठी खरेदी होते ती पुढच्या मापाची. गणवेशाच्या शर्टाच्या बाह्या कोपराखाली लोंबत असल्या तरी ‘वाढत्या अंगाचा आहे’ हे तीन शब्द उच्चारले की दुकानदार, आई, आजी आणि आरसा सगळेच गप्प बसतात. बुटांच्या टोकात कापूस जातो. फ्रॉकच्या खालच्या काठात चार बोटांची टीप दडवलेली असते, ती दर जूनमध्ये थोडी थोडी उसवायची. रेनकोट तर असा घेतात, की पावसात पोर दिसतच नाही, रेनकोट एकटाच शाळेत निघालाय असं वाटतं. ज्या वर्षी तो नेमका अंगाला बसतो, त्याच वर्षी त्याची चेन बिघडते.

या थोर परंपरेला धक्का लावला तो लहान मुलाच्या हेल्मेटने.

हेल्मेट आजच्या मापाचं घ्यावं लागतं. सैल शर्टात मूल फार तर केविलवाणं दिसतं. सैल हेल्मेट मात्र पडताना मागे सरकून कपाळ उघडं टाकतं, नाहीतर पुढे घसरून डोळ्यांवर येतं आणि जे टाळायचं तेच घडवून आणतं. शिवाय डोकं हा अवयव वाढीच्या बाबतीत बाकीच्या अंगाच्या रांगेत उभा राहत नाही. जन्मताना त्याचा घेर 35 सेंटीमीटरच्या आसपास असतो, पहिल्या वाढदिवसाला 45-46 आणि पाचव्या वर्षी 50-51. पुढची सगळी शाळा, कॉलेज, नोकरी आणि लग्न मिळून त्यात आणखी पाचेक सेंटीमीटरची भर पडते. काही माणसांकडे बघून त्यांच्या डोक्याची वाढ लहानपणीच उरकली असावी असं आपल्याला वाटत असतंच. शास्त्राचंही जवळपास तेच म्हणणं आहे, फक्त ते सगळ्यांबद्दल आहे.

वास्तविक डोकं जपण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. बाळ घरी आलं की टाळू भरण्याचा कार्यक्रम सुरू होतो. तेल कोमट, बोटं हलकी, आणि टाळू लवलवते तोवर घरातला कुणी तिथे चुकूनही हात जोरात टेकत नाही. डोक्याला टोपडं, वर कुंची. डिसेंबरात पुण्याचा पारा जरा खाली आला की कानटोपीचे बंद हनुवटीखाली असे आवळले जातात, की पोराला ‘आई’ म्हणणंही जड जावं. बंद हनुवटीखाली बांधायचा असतो आणि तो घट्ट बांधायचा असतो, हे ज्ञान आपल्याकडे पिढीजात आहे.

मग बाळ पायांवर उभं राहू लागतं, आणि बाप त्याला गाडीवर पुढे उभं करतो.

हे दृश्य पाहिलं नाही असा पुणेकर नसेल. बाप चालवतोय, आई मागे, मध्ये थोरलं दाबून बसवलेलं, आणि पुढे फूटबोर्डवर धाकटं, दोन्ही हातांनी आरशांच्या दांड्या धरून अख्ख्या शहराची सलामी घेत उभं. मागून आई ओरडते, “अहो, त्याच्या कानात वारं जातंय, रुमाल बांधा!” गाडी कडेला घेतली जाते, खिशातून रुमाल निघतो, दोन्ही कान नीट झाकले जातात आणि वरात पुढे निघते. कानांची सोय झाली. कवटीचं काय ते दैव बघून घेईल.

कायद्याने यात लक्ष घातलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दुचाकीवर बसलेल्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं झालं. त्याहून लहानांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये वेगळा नियम काढला आणि तो वर्षभराने लागू केला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल गाडीवर असेल तर त्याला त्याचं स्वतःचं, डोक्याला बसणारं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. वेगाची अट पुण्यात संध्याकाळी सहा ते नऊ आपोआप पाळली जाते, त्याबद्दल वाहतुकीच्या कोंडीचे आभार. पट्ट्याला मात्र घरोघरी विरोध होतो. “पोराला काय बांधून ठेवायचं?” म्हणे. ज्या घरातली मुलगी फॅन्सी ड्रेसमध्ये झाशीची राणी होते आणि जिच्या पाठीला बाहुली पक्की बांधण्यासाठी दुपारभर सेफ्टी पिना शोधल्या जातात, त्याच घरातला हा सवाल आहे.

पुण्यात तर हेल्मेट ही वस्तू नसून वाद आहे. 2019 च्या जानेवारीत कारवाई कडक झाली तेव्हा हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती होती आणि मोर्च्यात डोक्यांवर पगड्या होत्या. डोक्यावर काही घालायला पुणेकराची हरकत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं. काय घालायचं ते दुसऱ्याने सांगू नये, इतकंच. विरोधाची कारणं सर्वांना पाठ आहेत: केस गळतात, मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मागचा हॉर्न ऐकून पुण्यात कुणी बाजूला झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीसुद्धा बऱ्याच लोकांजवळ हेल्मेट असतंच, डाव्या कोपरात अडकवलेलं. चौकात पोलीस दिसला की ते वर चढतं, चौक ओलांडला की खाली उतरतं. शहरातली कोपरं अत्यंत सुरक्षित आहेत.

अशा शहरात पाच वर्षांच्या मुलीसाठी सायकलचं हेल्मेट घ्यायला निघणं म्हणजे साधी खरेदी नव्हे, घरातलं बहुमत सिद्ध करणं आहे.

सायकल घेताना प्रत्येक जण उदार असतो. घंटी हवी, टोपली हवी, बाजूची दोन चाकं हवीत, हँडलला झिरमिळ्या हव्यात. सायकलला स्टँड हवा, मडगार्डवर नाव हवं. सगळी यादी झाली की मुलीची आई म्हणते, “आणि हेल्मेट?” इथे दुकानात शांतता पसरते. “अगं, सोसायटीच्या आवारातच तर चालवणार,” असं कुणीतरी पुटपुटतं. आवारातली जमीन रस्त्यापेक्षा मऊ असते अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती पसरवणाऱ्याने पेव्हिंग ब्लॉकवर एकदा गुडघे टेकून पाहावेत.

मग आजोबा पुढे सरसावतात. पुणे सायकलींचं शहर होतं त्या काळाचे ते शेवटचे साक्षीदार. “आम्ही डबलसीट, कधी ट्रिपलसीट, दिवा नसताना रात्री सिनेमाहून यायचो. हेल्मेट नावाची गोष्ट ऐकली नव्हती. काय झालं आम्हाला?”

आजी या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडते. पण नातीसमोर नको, म्हणून मिटते.

आजोबांच्या युक्तिवादात एक बारीक खोट आहे. जे धडधाकट राहिले तेच आज सोफ्यावर बसून हा प्रश्न विचारू शकतात. ज्यांना काही झालं, त्यांना विचारायला कुणी गेलेलं नसतं.

घरात मतं कमी पडली तर फॅमिली ग्रुप आहे. युट्रेक्टच्या काकांनी लगेच लिहिलं, की नेदरलँड्समध्ये सायकलवर कुणी हेल्मेट घालत नाही. मार्क रुटे पंतप्रधान असताना उघड्या डोक्याने सायकलवरून कामावर जायचे. मेलबर्नच्या मावशीने सुनावलं, की त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात 1990 च्या जुलैपासून सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे आणि असा कायदा करणारं जगातलं ते पहिलं ठिकाण. सोलापूरच्या आत्याने दोघांनाही नुसते जोडलेले हात पाठवले.

दोघांचंही खरं आहे. डच लोकांनी सायकलसाठी निराळे रस्ते बांधले आणि मोटारवाल्यांना तिथून दूर ठेवलं, म्हणून त्यांचं उघड्या डोक्याने भागतं. सायकल ट्रॅक पुण्यातही आहेत. त्यांच्यावर गाड्या लावता येतात, उभ्या उभ्या पाणीपुरी खाता येते, सिग्नल तुंबला की स्कूटर घालून पुढे सटकता येतं. सायकल तेवढी चालवता येत नाही. तेव्हा काकांचा मुद्दा ट्रॅकसकट इथे आणता येईल तेव्हा आणू, तोवर मावशीचं ऐकलेलं बरं.

हेल्मेटच्या इतिहासातही दोन सायकलवाली मुलं आहेत. मे 1935 मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट भागात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल हाणत घरी चालला होता. उंचवट्यापलीकडे अचानक दोन मुलं सायकलवर दिसली, त्यांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. वाळवंटातल्या लढाईतून वाचलेला हा माणूस घराजवळच्या रस्त्यावर पडून सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी मोटरसायकलवरून पडलेल्यांचा अभ्यास केला, 1941 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून हेल्मेटचं महत्त्व मांडलं, आणि सैन्यातल्या निरोप्यांच्या डोक्यावर हेल्मेटं आली. सामान्य नागरिकांना सक्ती व्हायला मात्र ब्रिटनमध्ये 1973 साल उजाडलं. म्हणजे लेख आणि कायदा यांच्यामध्ये तिथेही बत्तीस वर्षं गेली. कृती समित्या सगळीकडेच असतात.

आता प्रत्यक्ष खरेदी. रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकणारी हेल्मेटं दिसायला रंगीबेरंगी असतात आणि विक्रेता गोड असतो. “आयएसआय मार्क आहे का हो?” असं विचारलं तर “लावून देतो ना साहेब,” असं उत्तर मिळतं आणि स्टिकरांची गुंडाळी बाहेर निघते. हा मार्क आयएस 4151 या मानकाचा, मोटरसायकल-स्कूटरच्या हेल्मेटसाठी. 1 जून 2021 पासून त्याच्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. गुंडाळीतून येणारं स्टिकर त्या मानकाला मान्य नाही, पण ते विक्रेत्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो, तर तिथले काका म्हणाले, “पाच वर्षांची ना? हे न्या, फुल फेस. दहावीपर्यंत बघायला नको.” मुक्ताने, म्हणजे आमच्या मुलीने, ते घातलं. तिचं डोकं त्यात सहज गेलं आणि बराच वेळ सापडलं नाही. आतून प्रतिध्वनीसकट “बाबा, अंधार आहे” असा आवाज आला.

मोटरसायकलचं हेल्मेट आणि सायकलचं हेल्मेट या दोन वेगळ्या जाती आहेत, हे इथे सांगायला हवं. पहिलं भारी वेगातल्या टकरीसाठी असतं, सगळं डोकं झाकतं आणि मोठ्यांच्या मापात किलोभर किंवा त्याहून जास्त भरतं. सायकलचं लहान मुलांचं हेल्मेट पाव किलोच्या आसपास. आधीच मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं आणि मान कोवळी, त्यात वर किलोभराचं ओझं चढलं की पोर रस्ता सोडून स्वतःच्या पायांकडे बघत सायकल चालवतं. म्हणून सायकलला सायकलचंच. वर्षाच्या आतल्या बाळाला तर हेल्मेट घालूनही सायकलच्या सीटवर बसवू नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्याची मानच अजून तयार झालेली नसते.

सायकलच्या हेल्मेटवर बघायचं ते आतलं लेबल. युरोपातलं मानक ईएन 1078, अमेरिकेतलं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं, म्हणजे सीपीएससीचं. परीक्षा साधारण अशी, की आत डोक्याचा धातूचा साचा बसवून हेल्मेट उंचावरून लोखंडी ऐरणीवर आपटायचं आणि साच्याला किती हिसका बसला ते मोजायचं. युरोपात ही उंची दीड मीटरच्या आसपास, अमेरिकेत सपाट ऐरणीवर दोन मीटर. तुमच्या पोराचं डोकं सायकलवर बसल्यावर जमिनीपासून मीटरभर वर असतं, त्यावरून हिशेब करा. किमतीबद्दल एक दिलासा: महागडं असो की साधं, पास व्हायची परीक्षा तीच. जास्तीचे पैसे बहुधा वजन, हवा आणि चित्रं यांचे असतात.

आणि या सगळ्याच्या आत काय असतं? थर्माकोल. नवा टीव्ही आणल्यावर खोक्यात जो निघतो आणि दिवाळीपर्यंत माळ्यावर पडून असतो, त्याचाच घट्ट भाऊ. दुकानात बोटाने दाबून “एवढ्याचे इतके पैसे?” म्हणणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. टीव्हीच्या काचेसाठी ते घेताना त्यांनी कुरकुर केली नव्हती. टोला बसला की थर्माकोलचे दाणे चिरडतात, आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ आणि दोनेक सेंटीमीटर जागा देतात. मेंदूच्या दृष्टीने ही जागा म्हणजे सगळं काही. पण एकदा चिरडलेले दाणे परत फुगत नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माप घेण्याच्या कामात आमच्या घरातली तज्ज्ञ व्यक्ती निघाली आजी. तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवली आणि जाहीर केलं, “एक्कावन्न. त्रेपन्न धरा, वाढतं डोकं आहे.” हे ‘धरा’ तिच्या हातून काढून घेणं ही या मोहिमेतली सगळ्यात अवघड गोष्ट होती. अखेर “आई, लग्नाचा ब्लाउज आहे असं समजा,” असं सुनेने सांगितलं तेव्हा कुठे गाडी एक्कावन्नावर आली. बसवायचा तो ब्लाउज ढिला चालत नाही, यावर आमच्या घरात दोन पिढ्यांचं एकमत आहे.

त्यानंतर आजीने दुकानात जी परीक्षा घेतली ती मानक संस्थांनी येऊन पाहावी. हेल्मेट डोक्यावर सपाट बसलं पाहिजे. मागे ढकलून टोपीसारखं नाही. पुढची कड आणि भुवया यांच्यामध्ये दोन बोटं. कानांच्या दोन्ही बाजूंनी येणारे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र आले पाहिजेत. बकल हनुवटीखाली, आणि पट्ट्यात एक बोट जेमतेम जावं. मग बकल लावायच्या आधी मुलीला मान जोरात हलवायला सांगायची. हेल्मेट डुलता कामा नये. ते हाताने पुढे-मागे हलवलं तर कपाळाची कातडी आणि भुवया सोबत हलल्या पाहिजेत. शेवटी जांभई द्यायला लावायची. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट वरून किंचित दाबलं गेलं पाहिजे. मुक्ताने जांभई दिली, ती पाहून दुकानदाराने दिली, मग आजोबांनी दिली. चाचणी यशस्वी झाली.

मागची चकती फिरवून हेल्मेट आवळता येतं खरं, पण ती सोय एक-दोन सेंटीमीटरची आहे. थोरल्याचं हेल्मेट धाकटीला चकतीच्या भरवशावर देणं म्हणजे बुटात कापूस घालणंच झालं.

सुरक्षिततेइतकंच महत्त्वाचं म्हणजे आराम. हेल्मेट टोचलं तर मूल ते घालणार नाही, आणि न घातलेलं हेल्मेट कितीही पास झालेलं असो, ते कपाटातल्या पुस्तकांचं रक्षण करतं. सगळ्यात मोठा शत्रू बकल. ते लावताना हनुवटीखालची कातडी एकदा चिमटीत सापडली की संपलं. शाळेतली बाराखडी विसरेल, पण पोर ती चिमटी विसरणार नाही. म्हणून लावताना आपलं बोट बकलच्या मागे ठेवायचं, किंवा चुंबकाने चिकटणारं बकल मिळालं तर बघायचं. काही लहान मुलांच्या हेल्मेटांना हिरवं बकल असतं. ते ईएन 1080 या मानकाचं, जोराचा हिसका बसला तर आपोआप सुटणारं. कशासाठी, ते पुढे येतंच आहे.

हवेसाठी भोकं हवीत, मे महिन्यात तर हवीतच. पुढच्या भोकांना बारीक जाळी असेल तर उत्तम, कारण माशी हेल्मेटात शिरली की सायकल कुणीच चालवत नसतं. आतले स्पंज काढून धुता आले पाहिजेत. तेल लावलेल्या डोक्यांच्या देशात ही चैन नव्हे. मूल सायकलच्या मागच्या सीटवर बसणार असेल तर हेल्मेटची मागची बाजू सपाट हवी, नाहीतर फुगवटा सीटला टेकतो आणि पोराची मान पुढे वाकते. रंग भडक घ्यावा. काळा रंग मळत नाही हे खरं, पण संध्याकाळी तो दिसतही नाही.

मग केशरचना. डोक्यावर उंच बांधलेला पोनी आणि हेल्मेट एका डोक्यावर नांदू शकत नाहीत. मधला मोठा बो काढा म्हटलं तर मुलगी सायकलच नको म्हणते. तोडगा जुनाच निघाला: मानेशी खाली बांधलेल्या दोन वेण्या. चापून बांधलेली वेणी पुन्हा घरात आली, यावर आजी इतकी खूश झाली की तिने तिथेच हेल्मेटला पाठिंबा जाहीर केला.

चित्रांवरून मात्र लढाई झालीच. मुक्ताला हवं होतं डोक्यावर सोनेरी शिंग असलेलं युनिकॉर्नचं हेल्मेट. शेजारी डायनासोरच्या काट्यांचं होतं, शार्कच्या पराचंही होतं. पण पडल्यावर हेल्मेट जमिनीवरून घसरत गेलं पाहिजे. वर शिंग असलं तर ते अडकतं आणि मानेला पीळ बसतो. त्यामुळे हेल्मेट गोल आणि गुळगुळीतच बरं. हे पाच वर्षांच्या मुलीला समजावताना बायको म्हणाली, “युनिकॉर्न पडला तर त्याचं शिंग मोडतं.” मुक्ता विचारात पडली. तिने शिंगावर दया येऊन साधं जांभळं हेल्मेट निवडलं आणि स्वतःसाठी नाही, युनिकॉर्नसाठी ते घालायला तयार झाली. कारण कुणासाठी का असेना, बकल लागलं.

पुढच्या अडचणीची कुणी कल्पना देत नाही. हेल्मेट आवडलं की मूल ते काढतच नाही. ते घालून जेवतं, ते घालून कार्टून बघतं, झोपायच्या आधी त्यावरून वाद घालतं. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये त्यावर चांदीचा कागद चिकटवला की अंतराळवीर तयार. इथपर्यंत हरकत नाही. पण बागेत सायकल उभी करून मूल तसंच घसरगुंडीकडे आणि जाळीच्या झोपाळ्यांकडे धावतं, तेव्हा त्याला हाक मारून हेल्मेट उतरवायला लावायचं. दोन दांड्यांमधून अंग निसटतं, हेल्मेट अडकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. परदेशात असे प्रकार घडल्यामुळेच ते हिरवं, आपोआप सुटणारं बकल निघालं. सायकलवर डोक्यावर, खेळण्यांवर झाडाखाली, एवढं सूत्र मुलाला पाठ करून द्या.

आणि मग एक दिवस मूल पडतं. गुडघा फुटतो, रडारड होते, हळद लागते, हेल्मेटच्या एका बाजूला ओरखडा दिसतो. आजोबा ते उलटंपालटं करून म्हणतात, “काही झालं नाही. चांगलं आहे की. धाकट्याला होईल.” इथे ते चिरडलेले दाणे आठवायचे. डोक्याने जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसलं तरी आतून कामी आलेलं असतं. त्याने आपलं काम एकदाच करायचं असतं आणि ते झालं. जुने कपडे, पुस्तकं, पाळणा, सगळं एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ दे, पण पडलेलं हेल्मेट जाऊ देऊ नका. पट्टे कापून टाका, म्हणजे कुणी प्रेमाने उचलणार नाही. न पडलेलं असेल आणि त्याचा सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल, तरच पुढे द्या. तसंच ते उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवू नका आणि त्यावर स्प्रेचा रंग मारू नका. दोन्हींनी थर्माकोल आणि वरचं कवच बिघडतं.

राहिला शेवटचा प्रश्न, जो मुलंच विचारतात. खाली आवारात बकल लावून सायकलवर बसलेली मुलगी स्कूटरला किक मारणाऱ्या बापाकडे बघते. त्याचं हेल्मेट नेहमीच्या जागी असतं, कोपरात. “बाबा, तुम्ही कोपरावर पडणार का?” याला पुण्यातल्या कुठल्याही कृती समितीकडे उत्तर नाही. मुलाच्या हेल्मेटचं माप, मानक, बकल, रंग सगळं अचूक साधलं तरी ते डोक्यावर टिकवणारी गोष्ट दुकानात मिळत नाही. ती गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर दिसावी लागते.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा टेप घेऊन जा, पोराला बरोबर घेऊन जा, आणि हेल्मेटं दोन घ्या: लहानाला सायकलचं, मोठ्याला आयएसआयचं, गुंडाळीतलं स्टिकर नसलेलं. दोन घेतल्यावर काही कमी करता का, हे मात्र दुकानदाराला अवश्य विचारा. तेवढा हक्क कुठल्याही सक्तीने काढून घेतलेला नाही.